पहिली फेरी जोडीने

१

दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, की बेअरिंगशेठचा खरा दिवस सुरू व्हायचा.

तशी दुकानावर त्यांची माया कमी नव्हती. बेअरिंगं, ऑइल सील, पट्टे, पुल्या. "जगात जे जे फिरतं ते आमच्या जिवावर फिरतं," ते गिऱ्हाइकाला चहा पाजत सांगायचे, "सूर्य-चंद्राची ऑर्डर तेवढी अजून यायची आहे." शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण डोळे मिटून नुसत्या बोटांनी बेअरिंगचा नंबर सांगायचे. एकदा एक म्हातारं गिऱ्हाईक रुमालात गुंडाळून एक झिजलेलं बेअरिंग घेऊन आलं. असलं माप शेठनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कशाचं हो हे?"

"जुन्या इटालियन ट्रॅक्टरचं."

झालं. आपल्या दुकानात नाही असं माप जगात आहे, ही गोष्ट शेठच्या जिव्हारी लागली. बेअरिंग शोधता शोधता ट्रॅक्टर सापडला, ट्रॅक्टर दुरुस्त करता करता हौस जडली. मग दुसरा आला, तिसरा आला, घरामागच्या रस्त्याच्या टोकाला शेड उभी राहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन शेठ इटालियन शिकले, पण ट्रॅक्टरपुरतंच. पाना, पाटा, ग्रीस यांना काय म्हणतात ते तोंडपाठ. 'नमस्कार'ला काय म्हणतात ते आजतागायत ठाऊक नाही.

"इटलीला न्या म्हटलं, तर ह्यांनी इटलीच घरी आणली," त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "तीही गंजलेली."

पण सगळ्यात जास्त हौस तिलाच. ट्रॅक्टरांना ती 'माझ्या सवती' म्हणायची, आणि नवी सवत नांदायला तयार झाली, की पहिली फेरी जोडीने, हा नियम तिनेच घालून दिला होता. शेठ खुर्चीवर, ती डावीकडच्या मडगार्डवर. बुडाखाली घ्यायला जुन्या निळ्या चौकड्यांच्या कापडाची एक उशी तिने स्वतः शिवली होती. ती उशी आली नाही, तर इंजिन कितीही चांगलं चालो, शेठच्या लेखी तो ट्रॅक्टर पुरा झालेला नसे.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं थोडक्यात आटपलं, आणि माणूसही.

घर मात्र पुरतं रिकामं झालं नव्हतं. बोलायला तोंड उघडण्याआधी घसा हलकेच साफ करायची तिला सवय होती. एवढंसं, "ह्हं". दुपारचं ऊन आतल्या खोलीत कपाटावर आलं, की तिथून तसाच आवाज यायचा. शेठ व्यापारी माणूस, हिशेबाबाहेरचं काही मानणारा नव्हे. लाकूड तापतं, फुगतं, कुरकुरतं. आणि मनी वसे ते कानी पडे. सगळं कळत होतं. तरी दुपारचं जेवण ते ताट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून जेवू लागले.

२

त्या शेवटच्या ट्रॅक्टरची खबर लेथवाल्याने आणली. हा शेठचा जुना दोस्त. ट्रॅक्टरचा जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर कातून द्यायचा आणि त्याबद्दल हक्काने टोमणे मारायचा. शेठ घरात बसून कुजू नयेत, एवढाच त्याचा हेतू.

"जाऊन बघायला काय हरकत आहे? तुमच्या आवडीचा आहे. एका सिलिंडरचा, पुढे गोळा तापवून चालू करायचा. पण आधीच सांगतो, मालकीणबाई विक्षिप्त आहे. आलेलं एक चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं तिने."

"भाव पाडून मागितला असेल."

"उलट वाढवून दिला होता. नवरा-बायको आले होते. बायको फोटो काढायला म्हणून मडगार्डवर चढून बसली. म्हातारी उठली आणि म्हणाली, विकायचा नाही."

मालकीणबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरे केस, ताठ पाठ. ट्रॅक्टर पलीकडे छपराखाली होता. शेठनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या छातीत काही हललं. रंग उडालेला, पण अंग शाबूत. डावीकडच्या मडगार्डचा जाड पत्रा मधोमध दबून त्याला खळगा पडलेला. वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच जागी बसल्याशिवाय तसा पडत नाही. शेजारची पितळी मूठ हातांनी घासून बारीक झालेली.

"इथे कोण बसायचं?" शेठनी विचारलं.

"मी."

"आणि मालक चालवायचे?"

"त्याला मालक म्हटलेलं आवडायचं नाही. ड्रायव्हर म्हण, म्हणायचा."

"कधी वारले?"

"झाली बरीच वर्षं. वारला म्हणजे..." मालकीणबाई थांबल्या. "चहा घेणार?"

मधेच चहाचं विचारणारं माणूस काहीतरी गिळत असतं, हे शेठ गल्ल्यावर बसून शिकले होते. पण आज त्यांना घासाघीस करायची नव्हती.

"तुमच्या घरच्यांना नाही आणलंत?" चहा देताना बाईंनी विचारलं.

"ती नाही आता. हिवाळ्यात गेली."

"मग घरी कोण?"

"मी आणि भिंती. लेक आहे, पण ती तिच्या घरी."

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत कीव होती, आणि कीव संपल्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"एकटे आहात," त्या म्हणाल्या. "मग न्या."

३

शेडमध्ये काम सुरू झालं आणि शेठची भूक परत आली. गंज खरवडला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, लेथवाल्याने नवं बुश कातून दिलं. मडगार्डच्या खळग्यापाशी मात्र दोघांचं वाजलं.

"दोन हातोडे घालतो, सरळ होईल," लेथवाला म्हणाला.

"हात लावू नकोस. झीज ही मशीनची सही असते. सही खोडून कागद नवा होत नाही, खोटा होतो."

"तुमचं तत्त्वज्ञान बेअरिंगसारखंच आहे शेठ. नुसतं गोल."

खळगा ठेवून भोवतीने निळसर राखाडी रंग दिला. पितळी मूठ नुसती पुसून ठेवली.

मग चालू करायचा दिवस आला. हे इंजिन किल्लीने चालू होत नाही. पुढचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने लालबुंद होईपर्यंत तापवायचा. मग स्टिअरिंगचं चाक त्याच्या दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि झोका द्यायचा. पुढे, मागे, पुढे, आणि धाड. इंजिन लागलं, की चाक चपळाईने ओढून परत आपल्या जागी बसवायचं. झोका चुकला तर इंजिन उलटं फिरतं. शेठच्या ओळखीच्या एकाने अशा उलट्या इंजिनावर पुढचा गिअर टाकला आणि भर पाहुण्यांसमोर मागची भिंत पाडून स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरला होता. तेव्हापासून त्याचं नाव 'मागेमागे'.

ह्याने तसं काही केलं नाही. पहिल्याच झोक्याला लागला. टप्प... टप्प... टप्प-टप्प. शेठ खुर्चीवर चढले, गिअर न टाकता नुसतेच बसून इंजिनाचा ठोका ऐकला आणि समाधानाने उतरले.

खुर्ची म्हणजे लोखंडी पत्र्याची खोलगट थाळी, एका लांब पाट्यावर बसवलेली. माणूस बसला की पाटा दबतो, उतरला की थाळी वर येते, चार-दोनदा डुलते आणि थांबते. शेठ उतरले. थाळी वर आली, डुलली, थांबली.

मग सावकाश खाली गेली, आणि खालीच राहिली.

शेठनी चिंधीच्या बोळ्याने हात पुसायचं थांबवलं. लेथवाला पुढे वाकून गोळा बघत होता. त्याला दिसलं नाही.

"पाट्याचं पाणी उतरलंय वाटतं," शेठ म्हणाले.

"दाखवा." लेथवाला मागे येईपर्यंत इंजिन बंद पडलं होतं आणि थाळी जिथल्या तिथे होती. त्याने हाताने दाबून पाहिली. "चांगला कडक आहे की. तुमचंच पाणी उतरलंय."

४

पहिली फेरी लांबत गेली. आज हवा ढगाळ, उद्या दुकानात माल उतरायचाय. लेथवाला समजून होता, तोही घाई करेना. शेवटी एका दुपारी शेठ आतल्या खोलीतल्या कपाटातून उशी काढून शेडवर घेऊन आले. निळ्या चौकड्या फिकट झाल्या होत्या, शिवणीला केसाच्या तेलाचा मंद वास होता.

लेथवाल्याने उशीकडे पाहिलं आणि उगीच एक नट आवळायला घेतला.

"नियम म्हणजे नियम," शेठ म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?"

उशी खळग्यात ठेवली. शेठना नवल वाटलं; मापाने कातल्यासारखी बसली. कुणीतरी दुसऱ्याच बाईने वर्षानुवर्षं बसून पाडलेली जागा, आणि तीत हिची उशी. त्यांनी खळग्याकडे बघून, लेथवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "चल, बस."

ट्रॅक्टर शेडमधून निघाला. घरामागचा कच्चा रस्ता, मग बाभळींच्या रांगेवरून वळण, मग लहानसा चढ. ह्या इंजिनाला एक गव्हर्नर असतो, घरातल्या कारभाऱ्यासारखा. वजन वाढलं की तो न सांगता तेल वाढवतो आणि ठोका जाड होतो. एका माणसाचा ठोका कसा, दोघांचा कसा, हे शेठच्या अंगात मुरलेलं होतं. चढाच्या पायथ्याशी ठोका जाड झाला.

त्यांनी डावीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर उशीच दिसली असती, आणि मग हिशेब मांडावा लागला असता. ते समोर बघत बोलत राहिले. दुकानातली एक गंमत सांगितली. लेकीचा फोन आला होता तेही सांगितलं.

परत आल्यावर त्यांचा चेहरा बघून लेथवाला म्हणाला, "जमलं म्हणायचं."

"जमलं," शेठ म्हणाले.

५

दुसऱ्या दुपारी ते ताट घेऊन उंबऱ्यात बसले. ऊन कपाटावर आलं, कपाटावरून भिंतीवर सरकलं, भिंतीवरून उतरलं. लाकूड कुरकुरलं नाही. शेठनी जेवण संपवलं, हात धुतला, परत येऊन उभे राहिले. काही नाही. त्याच्या पुढच्या दुपारीही नाही.

हवा बदलली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. हवा बदलली की लाकूडही बदलतं.

आणि मग शेडमध्ये गोळा तापवून इंजिन लावलं, तेव्हा ठोक्याच्या मधल्या फटीत, डावीकडून, त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून आवाज आला.

"ह्हं."

शेठ हसले. पोराला हरवलेली गोटी सापडावी तसे हसले. म्हणजे ती घर सोडून इकडे आली होती! आली तर बरंच झालं. घरात तिला करमत नसणार. त्या दिवसापासून रोजची फेरी सुरू झाली. गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या मागच्या घड्याळात चार वाजायची वाट बघू लागला.

सुट्टीत लेक आली. बापाला आपल्याकडे कायमचं घेऊन जायचं, हा तिचा कधीपासूनचा हट्ट. यायच्या आधी तिने मनाशी सगळी भाषणं तयार केली होती. पण घरात आल्यावर ती खोल्याखोल्यांतून नुसतीच फिरत राहिली.

"बाबा, आईचं कपाट पुसून काढलंत?"

"नाही ग. उघडलंसुद्धा नाही फारसं."

"मग वास कसा गेला?" तिने आईच्या शालीत तोंड खुपसलं, बाहेर काढलं. "मागच्या वेळी आले होते ना, तेव्हा दार उघडताच वाटलं होतं, ती आत्ता स्वयंपाकघरातून बाहेर येईल. मला रडू आलं होतं, पण बरंही वाटलं होतं. आता..." तिने शाल घडी घालून ठेवली. "आता हे नुसतं घर आहे. भाड्याने द्यायचं असल्यासारखं."

शेठनी चहाचं विचारलं.

संध्याकाळच्या आत ती शेड बघायला आली. "हा का नवा? छान आहे." ती डावीकडच्या मडगार्डकडे वळली.

"तिथे नको!" शेठ ओरडले. इतक्या मोठ्यांदा, की ते स्वतःच दचकले. "रंग ओला आहे."

"बरं, बरं. अंगावर कशाला येता?" तिने हात मागे घेतला. मग सहज म्हणाली, "तुम्ही ड्रायव्हर कधी ठेवलात?"

"कोण ड्रायव्हर?"

"सकाळी रिक्षातून येताना ह्या रस्त्यानेच आले ना. शेडचं दार उघडं होतं. ह्याच्यावर बसला होता कुणीतरी, पाठमोरा. मी हात केला, पण त्याने वळून नाही बघितलं."

सकाळी शेठ घरी होते. शेडची किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि ती अजूनही तिथेच होती.

६

लेक रागावून, रडून, "विचार करा" असं सांगून गेली. शेठनी त्याच दुपारी गोळा तापवला. चाक उपसलं, झोका दिला, इंजिन लागलं, चाक जागेवर बसवलं. मग पायरीवर पाय ठेवून ते खुर्चीत बसायला गेले.

खुर्ची दबली नाही.

शेठ अंगाने चांगले भरलेले. रोज त्यांच्या वजनाने पाटा कुरकुरत खाली जायचा. आज थाळी तसूभर हलली नाही, कारण ती आधीच खाली होती. दगडी कट्ट्यावर बसावं तसे ते बसले. लोखंड कोमट होतं, नुकतं कुणी उठलेलं असावं तसं. फक्त कुणी उठलं नव्हतं.

डावीकडून आवाज आला. "ह्हं." बोलायच्या आधीचा. शेठ श्वास रोखून थांबले, कारण त्या आवाजानंतर ती नेहमी काहीतरी म्हणायची. शब्द आले नाहीत. फक्त कुणाचं तरी बोलणं ऐकून माणूस मान हलवतो, तेव्हाची शांतता आली. ते बोलणं शेठचं नव्हतं. शेठ तर गप्प होते.

ते उतरले आणि इंजिन बंद करून, तसेच तेलकट कपड्यांनी मालकीणबाईंकडे गेले.

त्या अंगणातच होत्या. शेठना फाटकात बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"मी तुम्हाला एकट्याला दिला होता," त्या म्हणाल्या.

"एकटाच आहे मी."

"मग मडगार्डवर कुणाला बसवलंत?"

शेठनी तेलकट हात सदऱ्याला पुसले. "तिची उशी ठेवली. आमची रीत होती. पहिली फेरी..."

मालकीणबाई खुर्चीत बसल्या.

"मला वाटलं, मी बसायचं सोडलं की वाट बघून कंटाळेल. मग वाटलं, एकट्या माणसाकडे गेला तर तिथे तरी निमूट राहील. जिवंत बाई नाही म्हणून मी निर्धास्त. हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"उशी उचलून घरी आणतो आजच."

"उशी येईल हो," बाई म्हणाल्या.

शेठनी विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "माणूस कसा होता? वाईट होता?"

"छे. वाईट असता तर सोपं होतं." त्यांनी आपला डावा तळहात उघडून बघितला. मुठीने पडलेला घट्टा तिथे अजून होता. "फार जपायचा. उतरूच द्यायचा नाही."

७

उशी घरी आली. तिला आता डिझेलचा वास होता. शेठनी ती कपाटात ठेवली, उंबऱ्यात ताट घेऊन बसले, ऊन येऊन गेलं. त्यांनी शेडला कुलूप घातलं आणि दुकानात पूर्ण दिवस बसू लागले. गिऱ्हाइकं खूश. घर मात्र लेक म्हणाली होती तसंच, भाड्याने द्यायचं असल्यासारखं. आणि कुलपाआड शेडही गप्प. म्हणजे ती आता कुठेच नव्हती. हिवाळ्यात ती गेली तेव्हा निदान सांत्वनाला माणसं आली होती. ह्या वेळी कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी लेथवाल्याला त्यांनी सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही, आणि तेच शेठना जास्त लागलं.

"खोलून टाकू," तो म्हणाला. "नट न् नट सुटा करू. इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे. मग बघू कोण कशावर बसतं."

पाने मांडले. लेथवाल्याने मडगार्डच्या पहिल्या बोल्टला पाना लावला, जोर देणार तोच शेठनी त्याचा हात धरला.

"ती अजून ह्याच्यावर असली तर?"

लेथवाल्याने पाना खाली ठेवला. "मग काय करायचं म्हणता?"

"तू जा. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ एकटेच शेडवर गेले. उशी पुन्हा खळग्यात ठेवली. ब्लोलॅम्प पेटवला, गोळा आधी काळा, मग तांबूस, मग लाल झाला. चाक उपसलं, फ्लायव्हीलमध्ये घातलं, झोका दिला. टप्प... टप्प... टप्प-टप्प. चाक ओढून घेतलं, पण जागेवर बसवलं नाही. हातात धरून ते ट्रॅक्टरपुढे उभे राहिले.

थाळी सावकाश खाली गेली. मग, उशी मधोमध दबली.

चाक हातात होतं. चाकाशिवाय ट्रॅक्टर कुठे जाणार? असं रोज करता आलं असतं. गोळा तापवायचा, चाक काखेत मारून समोर स्टूल टाकून बसायचं. खुर्चीवर जो असेल तो असो. ती समोर असणार, चार हातांवर. व्यापाराच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता. शेठनी खरोखरच स्टूल ओढलं आणि बसले.

"ह्हं."

"बोल ना," शेठ म्हणाले. "ऐकतोय मी."

उभ्या ट्रॅक्टरचं अंग गदागदा हलत होतं. उभ्या गाडीत बसून राहिलं की तिला मळमळायचं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातच शेठना ते कळलं होतं. चालत्या गाडीत ती राणी. "ह्हं," पुन्हा आलं, थोडं तीव्र. मग लगेच आणखी एकदा. शेठना तो आवाज ठाऊक होता. दुकानात बोलत बसलं, तिला ताटकळत ठेवलं, की दारातून असाच यायचा. त्याचा अर्थ एकच: निघायचं ना?

ते चाक घेऊन पायरीवर चढले. खुर्चीत बसून पाहिलं. जागा नव्हती. अंग कडेला सरकत खाली आलं, भरल्या बाकावर बसायला जावं तसं. त्यांनी विनवणी केली, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "एकदाच. नुसती एक फेरी मी नेतो." इंजिनाचा ठोका बदलला नाही.

डावीकडून येणारा आवाज आता थांबेना.

शेठ खाली उतरले. बराच वेळ चाक छातीशी धरून उभे राहिले. मग हात लांबवून त्याचा दांडा वरच्या भोकावर टेकवला. पुढचं त्यांना करावं लागलं नाही. चाक त्यांच्या हातून अलगद काढून घेतलं गेलं, अर्धा वेढा फिरलं आणि कट्ट करून जागेवर बसलं.

त्यांनी जाऊन शेडचं दार सताड उघडलं.

ट्रॅक्टर त्यांच्या अगदी जवळून गेला तेव्हा धूर आणि ऊन एकात एक मिसळलं होतं. त्यातून पितळी मुठीवरचा एक हात दिसला. मनगटापर्यंतच. तर्जनीचं टोक सुई टोचून टोचून खरबरीत झालेलं. ओळखायला चेहरा लागला नाही. हाताने मूठ घट्ट धरली होती, सांधे पांढरे पडेपर्यंत. आणि त्याच्या पलीकडे उन्हाने रापलेली एक रुंद मान. ती वळली नाही.

लेथवाला आला तेव्हा शेठ रस्त्याच्या कडेला उभे होते.

"शेठ, दार उघडं? आणि ट्रॅक्टर..." तो थांबला. बाभळींपलीकडून ठोका ऐकू येत होता. त्याने कान दिला. यंत्रांत जन्म घालवलेला माणूस. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"चढाला लागलाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, हलकेच, "वजन आहे त्याच्यावर."

"हो."

ठोका जाड झाला, चढ संपला तसा पातळ झाला, दूर जाऊ लागला. दोघं ऐकत राहिले. लेथवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि विचारायचं म्हणून विचारलं, "तुमची पहिली फेरी किती वेळ चालायची हो?"

शेठची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"ती पुरे म्हणेल तोवर," ते म्हणाले.